जुनं पिकाचू कार्ड घेताना

'पिकाचूचं जुनं कार्ड घेऊन ठेवा, भाव वाढणारच' या पोकेमॉन कार्डांबद्दलच्या सल्ल्यात थोडी भर घालतो. १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधलं (म्हणजे कार्डांच्या पहिल्या संचातलं) पिकाचू (क्रमांक ५८/१०२) हे कॉमन, म्हणजे सहज मिळणारं कार्ड, भरपूर छापलेलं. किंमत ठरते बारकाव्यांवर: चित्राखाली फर्स्ट एडिशनचा (पहिल्या छपाईचा) शिक्का आहे का, चौकटीच्या उजव्या कडेला सावली नाही ना, गाल पिवळ्याऐवजी लाल आहेत का. (लाल गालांचं मला अजूनही सगळ्यात देखणं वाटतं!) 'पिकाचू इलस्ट्रेटर' या कार्डाची गोष्ट वेगळी, ते जपानमधल्या चित्रस्पर्धेचं बक्षीस होतं, दुकानात विकायला आलंच नाही. त्याचे लाखो डॉलरचे आकडे पाहून साध्या कार्डात बचत गुंतवू नका. घ्यायचंच तर आधी मागची निळी कड आणि कोपरे भिंगाखाली पाहा. तिथले पांढरे ठिपके ग्रेड (कार्डाची स्थिती तपासून दिलेला दर्जा) हमखास खाली आणतात.