भरतीच्या सरावात पोरगा उन्हानं कोसळला तर: आधी गार पाणी की आधी दवाखाना?

मैदानवाला_चंद्रपूर

वरोऱ्याकडे एका गावात पोलीस भरतीच्या पोट्ट्यांचा सराव घेतो. फी-बी काही नाही, शाळेचं मैदान अन् एक शिट्टी एवढंच भांडवल. मागच्या आठवड्यात चारशे मीटरच्या फेऱ्या चालू होत्या, सकाळचे साडेआठ झाले असतील. सगळ्यात पुढं पळणारा पोट्टा एकदम वाकडातिकडा धावू लागला. हटकलं तर मलाच शिव्या घातल्या (एरवी मान वर करून बोलत नाही) अन् पडला. अंग चुलीसारखं तापलेलं, पण घामानं चिंब. म्हणून दोघं-तिघं म्हणाले, हे ऊन लागणं नव्हे, ऊन लागलं की अंग कोरडं पडते. बाजूच्या वावरात मोटर चालू होती. पाइपाखाली धरला, मग गाडीत घालून दवाखान्यात नेला. आता ठीक आहे.

पण त्या खाजगी दवाखान्यात मलाच झापलं: तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी टाकायचं नसते, शिरा आकसतात, हृदय बंद पडू शकते, ओल्या फडक्यानं पुसायचं. इकडं मोबाइलवर पाहतो तर परदेशात खेळाडूला सरळ बर्फाच्या टबात बसवतात. खरं काय? अन् ज्याच्याकडे टब नाही, नुसती बोअर आहे, त्यानं मैदानावर काय ठेवावं?

कऱ्हाडकर७२

आमच्या वेळी खिशात कांदा ठेवून पळायचो, कुणाला काही झालं नाही. पन्हं द्या, ओआरएस पाजा, अंग जास्तच तापलं तर पॅरासिटामॉल. बर्फात बुडवणं म्हणजे जरा अतीच.

सांगलीची_ट्रेनर

सर, पाइपाखाली धरलंत तेच बरोबर केलंत.

मी मूळची सांगलीची. आता अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एका हायस्कूलच्या खेळाडूंची अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे त्यांच्या दुखापती-आजारपण बघणारी, आहे आणि ऑगस्टमध्ये फॅल्मथच्या शर्यतीत वैद्यकीय तंबूत असते. समुद्राकाठची सात मैलांची शर्यत, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. मॅरेथॉनपेक्षा अंतर कमी, म्हणूनच लोक जीव तोडून पळतात, आणि अंगात उष्णता तयार होते ती वेगानं. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २७४ जणांना उष्माघात, आणल्यावेळचं सरासरी तापमान ४१.४ अंश सेल्सिअस. दगावलं कोणीही नाही. उपचार एकच, बर्फाच्या पाण्याचा टब. मिनिटाला साधारण ०.२२ अंश या वेगानं तापमान उतरलं. ४१.५ वरून ३८.९ वर यायला बारा मिनिटं लागतात, हिशेब करून बघा. तेवढ्यात तुमची गाडी डांबरी रस्त्याला तरी लागते का?

शिरा आकसतात हे खोटं नाही. पण पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यापुढे आकसलेल्या शिरांचं काही चालत नाही. ओटावा विद्यापीठात २००३ मध्ये लोकांना ४० अंशांपर्यंत तापेतो पळवून वेगवेगळ्या पाण्यात बसवलं. २ अंशांच्या पाण्यात मिनिटाला ०.३५ अंश उतरले, २० अंशांच्या पाण्यातही ०.१९. म्हणजे बर्फ सर्वात उत्तम, पण बर्फ नाही म्हणून हात चोळत बसायचं कारण नाही. बोअरचं पाणी भरपूर असेल आणि ते हलतं ठेवलं तर काम करतं. नुसत्या ओल्या फडक्यानं पुसणं मात्र या वेगाच्या जवळपासही जात नाही. हृदय बंद पडण्याची भीती म्हणाल तर त्या २७४ जणांकडेच बघा.

घामाचं: अंग कोरडं पडणं ही पत्र्याच्या खोलीत दिवसभर उकडलेल्या म्हाताऱ्या माणसाची खूण. पळणारा कोसळतो तेव्हा बहुतेकदा घामाघूम असतो. तुमच्या पोराची खरी खूण त्याच्या शिव्यांत होती. जोरात पळताना कोसळला आणि डोकं ठिकाणावर नाही, बरळतोय, हाणामारीला येतोय, एवढं दिसलं की उष्माघात धरूनच चालायचं. कपाळावर धरायची थर्मामीटरची बंदूक, काखेतला थर्मामीटर, कानातला, यातलं काहीही पळून आलेल्या माणसाचं खरं तापमान सांगत नाही. ३८ दाखवतं आणि आत ४१ असतं. खरं मोजायचं तर गुदद्वारातून. आम्ही तंबूत तसंच मोजतो, गावच्या मैदानावर ते होणार नाही, आणि त्यापायी थांबूही नका. मध्येच जरा शुद्धीवर आला तरी भुलू नका, पुन्हा घसरतो.

कऱ्हाडकरकाका, रागावू नका. संसर्गाच्या तापात मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकलेला असतो, गोळी तो खाली आणते. इथे थर्मोस्टॅट जागेवरच आहे, स्नायूंनीच उष्णता जास्त केली. गोळीचा उपयोग शून्य, वर होरपळलेल्या यकृतावर आणखी भार. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पन्हं, ओआरएस काहीच ओतू नका, फुप्फुसात जाईल. कांदा भाकरीबरोबर खा.

इकडचे लोक फार शहाणे आहेत असं समजू नका. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा अमेरिकन फुटबॉलपटू सरावात कोसळला. पैसा, कर्मचारी, सगळं हाताशी. त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवलंच नाही आणि रुग्णवाहिकेला फोन जायला तासभर गेला. दोन आठवड्यांनी तो गेला. उलट या विषयातले आजचे मोठे संशोधक डग्लस कासा १९८५ मध्ये शाळकरी वयात दहा किलोमीटरच्या शर्यतीत असेच कोसळले होते. वेळेत गार केलं म्हणून वाचले, आणि कनेटिकट विद्यापीठात जन्मभर हाच विषय घेऊन बसले. त्यांचं एक वाक्य इथल्या प्रत्येक ट्रेनरला पाठ असतं: आधी गार करा, मग हलवा.

आणि सराव. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, नाडी कमी उडते. म्हणून भरतीची तारीख लागली की पहिल्याच आठवड्यात वेळ लावून पळवायचं नाही. अंगात कणकण, जुलाब, रात्रभर जागरण किंवा जिममधली ती जोर येण्याची पावडर, यातलं काही असेल त्याला त्या दिवशी बाजूला बसवा. सगळ्यात जास्त लक्ष पहिल्या नंबरच्या पोरावर ठेवा. मागे रेंगाळणारा सहसा स्वतःच थांबतो.

एक उपसूचना: एकच १६०० मीटर पळून कोणी पडला, म्हणजे सहा-सात मिनिटांत, तर उष्णतेआधी हृदयाचा विचार करा. श्वास आणि नाडी बघा. नसेल तर छाती दाबायला लागा, पाण्याचं नंतर.

लॅबवाला_गडचिरोली

आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट बघायला लागते, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पूर्ण आजार असलेला मुलगा सहसा भरतीच्या वाटेला जात नाही. पण वाहक, म्हणजे रिपोर्टवर एएस लिहिलेला, ठणठणीत असतो, कधी कधी त्याला स्वतःलाही माहीत नसतं. न थांबता जोरात फेऱ्या मारल्या की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो. हा पोरगा सुरुवातीला बरळत नाही. नीट बोलतो, ‘पायात जोरच नाही’ म्हणत बसकण मारतो, आणि लोकांना वाटतं नाटक करतोय. अंग तितकं तापलेलंही नसतं. अशाला उठवून पळवलं तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत कॉलेजचे खेळाडू असे गेले, मग २०१० पासून तिथं मोठ्या कॉलेजांत याची तपासणी सुरू झाली. आपल्याकडे सिकलसेलसाठी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी सरकारी दवाखान्यात होते. वाहक निघाला म्हणून भरती सोडायची गरज नाही. दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती, पाणी, आणि थांबतो म्हणाला की थांबू द्यायचं.

मैदानवाला_चंद्रपूर

लय उपकार. सिकलची चाचणी सगळ्यांची लावतो, आमच्याकडे घरोघरी आहे ते.

जमवाजमव अशी: मोठी ताडपत्री माझ्याच घरची आहे. पाण्याचे दोन ड्रम मैदानावर भरून ठेवतो. बर्फाची लादी मच्छीवाल्याकडून सकाळी येईल, भुशात पोत्याखाली टिकते. पण १०८ यायला आमच्याकडे अर्धा तास जातो. तोवर पोट्ट्याला पाण्यातच ठेवायचं?

सांगलीची_ट्रेनर

ताडपत्री उत्तम. पोराला मधे निजवा, चौघांनी चारी कोपरे उचलून खळगा करा, ड्रम ओता, बर्फ टाका आणि पाणी हिंदकळत ठेवा. या पद्धतीनं मिनिटाला ०.१७ अंशांच्या आसपास उतार मोजलेला आहे, टबाच्या फार मागे नाही. एकानं त्याच्या काखांत हात घालून डोकं पाण्यावर ठेवायचं, तो माणूस दुसरं काहीही करणार नाही. १०८ ला फोन त्याच मिनिटाला दुसऱ्यानं करायचा. थर्मामीटर नसेल तर दहा ते पंधरा मिनिटं. शुद्ध परतून कुडकुडायला लागला की त्याआधीही बाहेर काढा, पुसा, सावलीत कुशीवर ठेवा. अर्धा तास पाण्यात नको, उगाच जास्त गार होईल. लादी आधीच फोडून ठेवा, अख्ख्या लादीनं पाणी लवकर गार होत नाही.

पण तुमचा तो पोरगा ‘आता ठीक आहे’ म्हणालात. म्हणजे पळायला लागला की काय?

मैदानवाला_चंद्रपूर

कालपासून हलकं पळतो. ऐकत नाही, पुढच्या महिन्यात मैदानी चाचणी आहे त्याची.

सांगलीची_ट्रेनर

आजच थांबवा. दवाखान्यातून सुटल्यापासून किमान सात दिवस काहीही व्यायाम नाही. मग रक्त तपासायचं: मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताची एन्झाइम्स आणि सीके. सीके म्हणजे स्नायू किती झिजलेत त्याचा आकडा. लघवी चहासारखी काळपट होत असेल तर सात दिवस न थांबता आजच डॉक्टरकडे. सगळं नॉर्मल आलं की गारव्यात हलक्या पळण्यानं सुरुवात, उन्हातला सराव हळूहळू पुढच्या दोन आठवड्यांत. महिन्याचं गणित बसतं, त्याला तसंच सांगा. आणि सिकलच्या चाचणीत पहिला नंबर त्याचाच लावा.

मैदानवाला_चंद्रपूर

निघालो त्याच्या घरी. रिपोर्ट आले की इथंच टाकतो.