सल्ला हवा: ड्रेस्डेनचं पुन्हा बांधलेलं चर्च कसं बघावं?

सातारचा पेन्शनर:
नमस्कार. लेक लायप्झिगला असते, मे महिन्यात आम्ही दोघं चाललोय. जर्मनीतल्याच ड्रेस्डेनच्या जुन्या गावातल्या फ्राउएनकिर्श या चर्चसाठी एकच दिवस मिळेल. माझी सगळी नोकरी बांधकामावर गेली, त्यामुळे नुसते फोटो काढून परतायचं नाही. नेमकं काय बघू? हिचे गुडघे दुखतात, घुमटावर जमेल का?

कराडची लेक:
काका, आधी बाहेरून सावकाश एक प्रदक्षिणा घाला. पिवळसर भिंतीत मधेच काळे दगड दिसतील, ते जुने. वायव्येचा कोपरा आणि वेदीमागची भिंत तर बरीचशी काळीच आहे, कारण तेवढंच उभं राहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांचे बॉम्ब पडले, तरी चर्च लगेच पडलं नाही. आत आग धुमसत राहिली, घुमटाचा भार घेणारे आठ खांब तापून फुटले आणि १५ तारखेला सकाळी सगळं खाली आलं. ढिगारा चाळीसहून जास्त वर्षं तसाच होता. १९९३ ला उपसला तेव्हा दगडांवर नंबर टाकून कुठला कुठे बसेल ते शोधलं. वेदी जवळपास २,००० तुकडे जुळवून उभी केलीय. मी तिच्यासमोरून लवकर उठूच शकले नाही.

सातारचा पेन्शनर:
काळे म्हणजे आगीनं?

कराडची लेक:
नाही काका, तो वालुकाश्म आहे. त्यातलं लोह हवेनं काळवंडतं. नवे दगडही हळूहळू तसेच होणार.

मु.पो. वाई:
घुमट चुकवू नका. मूळ बेत लाकडाचा सांगाडा आणि वर तांब्याचा पत्रा असा होता, चर्च बांधणाऱ्या जॉर्ज बेअरनं तो अख्खा दगडात काढला. १७६० साली प्रशियाच्या तोफगोळ्यांनीही तो पडला नाही. आमच्या ढोल्या गणपतीची मागची भिंत कृष्णेचा पूर फोडायला माशासारखी बांधलीय, तशीच ही गवंड्याची अक्कल. बिचारा बेअर १७३८ ला गेला, काम संपलं १७४३ ला.
वरचं तिकीट वेगळं. आधी लिफ्ट, मग घुमटाच्या दोन कवचांमधून गोल चढण, शेवटी अरुंद पायऱ्या. वहिनींना खालीच बसू द्या. ढिगाऱ्यात सापडलेला वाकडा क्रॉस आत ठेवलाय. वरचा नवा क्रॉस लंडनच्या ज्या सोनारानं घडवला, त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या विमानात होते.

कराडची लेक:
दुपारी बाराच्या प्रार्थनेला ऑर्गन वाजतो, तो काकूंना ऐकवाच. वेळ मात्र आदल्या दिवशी बघून घ्या.

सातारचा पेन्शनर:
मग सकाळच्या गाडीनंच निघतो. ऑर्गन दोघं ऐकू, नंतर ही वेदीपाशी बसेल आणि मी वर जाईन.