असेटो कोर्सा इव्हो: दोन संध्याकाळ चालवून पाहिला. आताच घ्यावा की थांबावं?

मेहरूणकाठ (जळगाव)

१६ जानेवारी २०२५ ला 'असेटो कोर्सा इव्हो' हा गाड्यांच्या शर्यतीचा कॉम्प्युटर खेळ अर्ली ॲक्सेसमध्ये आला. म्हणजे खेळ अजून पुरा झालेला नाही, पण पैसे भरून आताच खेळायला मिळतो आणि उरलेला भाग पुढच्या अपडेटमधून येत राहतो. माझ्या मावसभावाने पहिल्याच दिवशी घेतला. त्याच्याकडे डायरेक्ट ड्राइव्ह व्हील आहे, म्हणजे स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेलं, मध्ये गिअर नाही की पट्टा नाही. शनिवार-रविवार दोन्ही संध्याकाळ मी त्याच्याकडेच होतो. मावशीने भरीत-पुरीचा बेत केला होता, पण आम्ही ताटावर बसलो तेव्हा साडेदहा वाजले होते.

आत काय आहे ते आधी सांगतो. २० गाड्या आणि ५ ट्रॅक: ब्रँड्स हॅच, इमोला, लागुना सेका, बाथर्स्टचा माउंट पॅनोरामा आणि सुझुका. ऑनलाइन शर्यत अजून (जानेवारी २०२५) नाही. खेळ बनवणारी कुनोस ही इटलीची कंपनी, तिचं ऑफिसच रोमजवळच्या वालेलुंगा ट्रॅकला लागून आहे. ट्रॅक लेझरने मोजून घेतलेले आहेत, त्यामुळे डांबरातला उंचवटाही जिथल्या तिथे लागतो.

मी जास्त वेळ टोयोटा जीआर८६ चालवली. छोटी गाडी, मागची चाकं ओढणारी, ताकद बेताची. पण लागुना सेकाचं कॉर्कस्क्रू नावाचं वळण तिच्यातूनच कळलं. चढ चढून वर येता तेव्हा समोर नुसतं आभाळ दिसतं, रस्ता दिसतच नाही. ब्रेक मारायचा तो तिथेच, काही दिसत नसताना. डावीकडे वळलात की रस्ता पायाखालून निघून जातो. दीडशे मीटरही पुरे होत नाहीत तोवर गाडी १८ मीटर खाली आलेली असते. त्या क्षणी स्टिअरिंग हातात एकदम हलकं पडतं. सायकलचं पुढचं चाक जमिनीवरून उचललं की हँडल जसं सैल फिरतं ना, अगदी तसं. खाली टेकलं की तेच स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. पुढच्या टायरवर वजन किती आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा मनगटातून समजलं.

वळणाच्या मध्ये घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचं मागचं अंग निघतं. पहिल्या दिवशी बारा-पंधरा वेळा गाडी फिरली, दुसऱ्या दिवशी दोनदा. परवा चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना माझा पाय वळणाआधीच ब्रेककडे गेला आणि वळणात शांत राहिला. ही सवय मला या खेळाने लावली असं मी ठामपणे म्हणतो.

माझं मत: व्हील असेल तर आताच घ्या. गेमपॅडवर घेऊ नका, निम्मा खेळ हातात येतच नाही.

साक्री रोड (धुळे)

मनापासून लिहिलं आहेस भो, पण सल्ला चुकला. तूच मोजून दिलंस: ५ ट्रॅक, ऑनलाइन शर्यत नाही. शर्यतीच्या खेळात माणसांशी शर्यत नाही, मग लोक पैसे कशाचे देतात? "पुढे येईल" याचे. मी एकदा असा पोळलोय. कंपनीचं नाव घेत नाही, पण एक खेळ घेतला, दोन वर्षं वाट पाहिली, आणि एके दिवशी त्यांनी सर्व्हर बंद केला. पैसे गेले, खेळही गेला. कच्चा माल पिकलेल्या भावात विकायचा आणि पिकेपर्यंत गिऱ्हाइकाने राखण करायची, ही रीत मला मुळीच पटत नाही. आपण घेत राहिलो तर पुरा खेळ बनवून मग विकायचं कुणालाच कारण उरणार नाही.

मेहरूणकाठ (जळगाव)

तुझा राग रास्त आहे, पण या कंपनीचा इतिहास बघ. पहिला असेटो कोर्सा २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये असाच अर्धा आला आणि डिसेंबर २०१४ मध्ये पुरा झाला. त्यांचाच पुढचा खेळ, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, सप्टेंबर २०१८ मध्ये अर्धा आला आणि मे २०१९ मध्ये पुरा झाला. दोन्ही वेळा शब्द पाळला. पहिला खेळ तर लोक अजून खेळतात, दहा वर्षं झाली त्याला.

साक्री रोड (धुळे)

लोक अजून खेळतात ते मोडमुळे. हौशी लोकांनी शेकडो ट्रॅक आणि गाड्या बनवून फुकट वाटल्या म्हणून तो जगला. नव्यात मोड आज नाहीत. आणि कॉम्पेटिझिओनेचं काम आखीव होतं: एक स्पर्धामालिका, तिच्या गाड्या, तिचे ट्रॅक, आणि इंजिन, म्हणजे खेळ ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, बाहेरचं, अनरियल. यावेळी इंजिन त्यांनी स्वतः नवं लिहिलंय आणि रोजच्या रस्त्यावरच्या गाड्यांपासून शर्यतीच्या गाड्यांपर्यंत सगळं द्यायचं कबूल केलंय. कामाचा पसारा तिप्पट झालाय. मागच्या दोन वेळांवरून या वेळेची खात्री कशी देता येईल?

रावेरची लाईन

धाग्यात माझं काय काम असं वाटेल, पण दोन गोष्टी माझ्या धंद्यातल्या निघाल्या म्हणून लिहितो. वीस वर्षं केळीच्या गाड्या भरतोय, त्यातली दहा वर्षं स्वतः चालवली.

साक्रीवाले भाऊ, केळी आम्ही कच्चीच कापतो. कच्चा माल विकण्यात पाप नाही. पण कच्च्याचा भाव वेगळा, पिकवून हातगाडीवर आलेल्याचा वेगळा, आणि घेणाऱ्याला घडाकडे बघून कळतं की हा कच्चा आहे. खेळवाल्यांनी इतकं पाळलं तर माझी काही तक्रार नाही.

आता गाडीचं. मेहरूणकाठ, तुझं वय लहान असावं म्हणून काळजीने सांगतो. घाट खुर्चीत शिकता येत नाही. चढताना तुझा पाय बरोबर पडला हे चांगलंच झालं, पण घाट चढणाऱ्याची परीक्षा घेत नाही, उतरणाऱ्याची घेतो. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे आम्हाला वस्तादाने शिकवलं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक दाबला तरी धरत नाही. मागे माल असतो, पुढे एसटी असते, कडेला मेंढरं असतात. तुझ्या खेळात गाडी फिरली की तू बटण दाबून पुन्हा सुरू केलंस, पंधरा वेळा. ही पंधरा वेळांची सवय मला भीतीदायक वाटते. मन नकळत शिकतं की चुकलं तरी चालतं. आमच्याकडची पोरं रात्री बऱ्हाणपूर रस्त्याला गाड्या कशा काढतात ते मी रोज बघतो.

तापी पलीकडे (नंदुरबार)

गेमपॅडवर घेऊ नका, हे वाक्य मला लागलं. व्हील आणि पेडल तीसेक हजारांच्या घरात जातात, डायरेक्ट ड्राइव्ह त्याहून पुढे. वर हा खेळ पेलणारं मशीन वेगळं. माझ्याकडे सात वर्षं जुना लॅपटॉप आणि गेमपॅड आहे. त्यावर मी पहिला असेटो कोर्सा खेळतो आणि जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकची २०.८ किलोमीटरची फेरी मला तोंडपाठ आहे. कुठला चढ आंधळा, कुठे गाडी हलकी होते, सगळं डोळ्यासमोर असतं. हे ज्ञान काय निम्मं आहे? ज्याच्याकडे महाग साधन त्यालाच खेळ कळतो, असं म्हणू नका.

मेहरूणकाठ (जळगाव)

नंदुरबारकर, वाक्य मी घाईत लिहिलं, मागे घेतो. ट्रॅक पाठ होणं हे पुरं ज्ञान आहे. मला म्हणायचं होतं ते एवढंच: गेमपॅडवर काडी अर्धा इंच हलते आणि चाकं तेवढ्यात पूर्ण वळायची, म्हणून मध्ये प्रोग्रॅम बसून तुमचा हात सावरून घेतो. गाडी सुटायला लागली की तो आधीच थोडी धरतो. व्हीलवर ते सावरणं तुम्हालाच करावं लागतं. माझ्याकडेही व्हील नाही, मावसभावाचं आहे, हे लक्षात असू द्या.

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. उतरतीचं पटलं. पण चुकलं तरी चालतं, असं मन शिकतं हे मला मान्य नाही. माझ्या बाबतीत उलटं झालं. गाडी किती सहज सुटते हे पंधरा वेळा पाहिलं, म्हणून रस्त्यावर मी हळू झालो. आधी मला वाटायचं की गाडी माझ्या हातात आहे. ती टायरच्या हातात असते.

पाचोऱ्याची ताई

मी बायकांना आणि मुलींना गाडी शिकवते. बारा वर्षं झाली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे असं म्हणून मी सुटणार नाही, मी मेहरूणकाठच्या बाजूने आहे. नवशिक्या बाईची नजर बॉनेटवर खिळलेली असते. पंधरा दिवस मी एकच सांगते, जिथे जायचंय तिथे बघ, हात आपोआप तिकडे जातात. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आली, तिच्या भावाच्या व्हीलवर ती सहा महिने खेळलेली. तिची नजर पहिल्या दिवसापासून वळणाच्या पलीकडे. क्लच तिला अजिबात जमत नव्हता, आरसे ती बघतच नव्हती, गतिरोधकावर मला उडवलं. पण नजर पक्की होती, आणि ती शिकवायलाच सगळ्यात वेळ लागतो.

साक्री रोड (धुळे)

ताई, शिकण्याबद्दल माझं भांडण नाहीच. पण खेळातून खरा रेसर होतो या गोष्टी ऐकून पोरं पैसे घालतात, म्हणून सांगतो. जीटी अकॅडमी, म्हणजे शर्यतीचा खेळ खेळणाऱ्यांतून खरे रेसर निवडणारी स्पर्धा, २००८ मध्ये सुरू झाली, पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ २०११ च्या ल मॉंमध्ये, फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत, आपल्या वर्गात दुसरा आला. खरं आहे. पण अकॅडमीने निवडलेल्यांना खऱ्या गाडीत बसवून खऱ्या ट्रॅकवर घडवलं, त्याचा खर्च मोटार कंपनीने केला. आणि २०११ चा विजेता यान मार्डनबरो, त्याची गाडी मार्च २०१५ मध्ये नॉर्डश्लाइफच्या एका चढावर हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली आणि एक प्रेक्षक दगावला. तोच चढ खेळात हजार वेळा पार करता येतो. काका म्हणतात तो बटणाचा मुद्दा इथे येतो.

मेहरूणकाठ (जळगाव)

तो अपघात मलाही माहीत आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी रेसर व्हायला खेळत नाही. आपल्याकडे त्यासाठी ट्रॅक तरी कुठे आहे? नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, आणि ते आपल्यापासून हजार किलोमीटरवर. म्हणून तर मला याचं अप्रूप आहे. सुझुकाचा रस्ता स्वतःवरूनच पुलाने जातो, आठच्या आकड्यासारखा. जळगावात बसून मी त्या पुलाखालून गेलो.

एरंडोल चौफुली

रावेरना भाऊ, तुमनं म्हणनं खरं शे. पन माले एक सांगा, टायरनी हवा या खेळमा समजस का? आपला मे महिना त्यासले दखाडा एकदा.

मेहरूणकाठ (जळगाव)

समजते, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. टायर तापला की आतली हवा फुगते, दाब वाढतो, आणि दाबाप्रमाणे पकड बदलते. कॉम्पेटिझिओनेत जीटी३ वर्गाच्या शर्यतीच्या गाडीच्या कोरड्या रस्त्याच्या टायरला तापल्यावर २६ ते २७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाब लागतो. म्हणून थंड असताना कमी भरून निघायचं. ट्रॅक जितका तापलेला तितकं आणखी कमी. दोन फेऱ्या टायर गारठलेले असतात, तेव्हा जोर केला की गाडी गेलीच.

रावेरची लाईन

इथे तुम्ही पोरं माझ्या दारात आलात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. कारच्या टायरला तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की १ पीएसआय वाढतो, ट्रकच्या टायरमध्ये मुळातच शंभराच्या वर हवा, तिथे वाढ दुप्पट धरा. पण आम्ही रेसवाल्यांसारखी कमी हवा भरून निघत नाही. कमी हवेचा टायर बाजूने दुमडतो, दुमडून जास्त तापतो आणि भर रस्त्यात फुटतो. हवा पहाटे बघायची, टायर थंड असताना, लिहून दिलेली असेल तेवढीच भरायची. दुपारी ढाब्यावर काटा जास्त दाखवतो म्हणून हवा सोडणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. संध्याकाळी गार झालं की तोच टायर बसलेला असतो. खेळात शिकलेलं कमी भरायचं गणित कुणी स्वतःच्या बोलेरोला लावू नका, एवढं माझं ऐका.

साक्री रोड (धुळे)

काकांच्या या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. मी ऑनलाइन शर्यत येईपर्यंत थांबणार, माझं मत तेच. तोवर कॉम्पेटिझिओने पुरे आहे.

तापी पलीकडे (नंदुरबार)

मी पहिल्यावरच. पण ती इलेक्ट्रिक ह्युंदाई आयोनिक ५ एन नव्या खेळात आहे ना? तिला गिअर नाहीत तरी गिअर बदलल्याचा झटका आणि इंजिनाचा आवाज देते म्हणे. ती कशी वाटली ते कुणी तरी लिहा.

मेहरूणकाठ (जळगाव)

चालवली, सुझुकालाच. खऱ्या गाडीतही तो खोटा गिअर आहे, आणि मला तो उपयोगी वाटला. आवाजाशिवाय वेग किती झाला हे कळतच नाही, आवाज आला की कान सांगतात कधी ब्रेक मारायचा. पण गाडी दोन टनांच्या वर, सरळ रस्त्यावर तोफगोळा आणि वळणात वजन बाहेर ओढतं. ब्रेक जीआर८६ पेक्षा खूप आधी मारावा लागतो.

रावेरची लाईन

हे वजनाचं बोललास ते बरं केलंस. मला एवढं बघून सांग: त्या छोट्या टोयोटात वजन वाढवता येतं का? दोनशे किलो टाकता आले तर टाक आणि ते आभाळ दिसणारं वळण पुन्हा उतर. ब्रेक किती आधी लागला ते मीटरमध्ये मोजून लिही.

मेहरूणकाठ (जळगाव)

पहिल्या असेटोत जादा किलो टाकायची सोय होती. यात आहे का ते रविवारी बघतो काका. नसेल तर जुन्या खेळात तीच लागुना सेका लावून मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.