मदत हवी आहे: ऐन वैशाखात गुलछडीचे दांडे माना टाकतायत

नमस्कार मंडळी,

आमचं घर यवतजवळ. घरामागच्या दीड गुंठ्यात मी फक्त कापून पाण्यात ठेवायची फुलं लावते. गुंठाभर डबल गुलछडी (कुणी निशिगंध म्हणतं), उरलेल्या जागेत झिनिया, गॅलार्डिया आणि चार ओळी ॲस्टर. आमच्याकडे बहुतेक जण सिंगल गुलछडी लावतात, ती सुट्टी फुलं किलोवर पुण्याच्या मार्केट यार्डात जातात. मला दांडेच हवे होते म्हणून डबल लावली. सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. रोज सकाळी त्यांच्या उशाशी तांब्यात एक दांडा ठेवते. संध्याकाळी वास सुटला की त्या डोळे न उघडता म्हणतात, "वरची कळी फुलली गं."

गेले तीन आठवडे तसा एकही दांडा देता आलेला नाही.

दांडा दीड-दोन फूट वर येतो आणि शेंड्याशी वाकतो. कळ्यांची टोकं तपकिरी पडतात, बऱ्याच न उघडताच गळतात. पानांवर चंदेरी ओरखडे दिसतात. आधी पाणी कमी पडतंय असं वाटलं म्हणून सकाळ-संध्याकाळ दिलं. मग कडुनिंबाचं तेल फवारलं. चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं की कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) असेल, म्हणून पाण्यात विरघळणारं गंधक फवारलं, तेही दुपारी बारा वाजता, कारण तेव्हाच वेळ होता. दुसऱ्या दिवशी पानं भाजल्यासारखी झाली. तापमान ४१ होतं.

ॲस्टरची रोपं एकेक करून उभीच्या उभी सुकतायत, उपटलं तर बुंध्याशी आतून काळपट. झिनिया झाडावर छान दिसते, पण कापून बादलीत ठेवली की तासाभरात मान टाकते.

पाणी बोअरचं आहे आणि ते उन्हाळ्यात मचूळ होतं. वाफ्याच्या कडेला पांढरी खार फुटलीय. कालव्याचं आवर्तन (पाळीपाळीने सुटणारं पाणी) आलं तर गोडं पाणी, नाहीतर हेच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीचं लग्न आहे. मांडवात माझ्या वाफ्यातली फुलं लावीन असा शब्द दिलाय. पाच आठवडे आहेत. कंद वाचवायचे की फुलांच्या मागे लागायचं, हेच मला कळेना झालंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

— वाफेवाली

बांधावरचा:
ताई, आधी एक करा. पांढऱ्या कागदावर एक कळी झटका आणि थांबून बघा. पिवळसर, सुईच्या टोकाएवढं काही पळताना दिसलं तर ते फुलकिडे. चंदेरी ओरखडे आणि तपकिरी टोकं यावरून मला तेच वाटतंय. लाल कोळी असता तर पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली असती.

पानं भाजली त्याला ऊन तर कारण आहेच, पण तेलानंतर चार दिवसांत गंधक मारलंत हे जास्त नडलं. या दोन्हींत किमान दोन आठवड्यांचं अंतर लागतं, आणि इतक्या उन्हात गंधक नकोच. आता आठवडाभर काही फवारू नका. खराब झालेले दांडे बुडातून कापून पिशवीत बांधून बाहेर टाका, वाफ्यात ठेवू नका. निळे चिकट सापळे लावा, गुंठ्याला चार-पाच पुरे. मग निंबोळी अर्क, ५ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळी पावडर. रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा आणि ऊन उतरल्यावरच मारा. तरी आवरलं नाही तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना वाफा दाखवून औषध विचारा.

ॲस्टर मात्र सोडा. ती मर आहे, बुरशी जमिनीतच राहते. रोपं जाळून टाका आणि त्या ओळींत काही वर्षं ॲस्टर लावू नका.

सातवीण:
झिनियाबद्दल सांगते. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडी धरून हलवा. फूल लटलट हललं तर दांडी कच्ची आहे, कापू नका. काठीसारखी ताठ राहिली की कापा. कच्ची कापलेली झिनिया पाण्यात कधीच सावरत नाही. कापायचं ते उजाडताना, बादली सोबत नेऊन. पाण्यात बुडणारी पानं काढायची आणि दोन-तीन तास अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. गुलछडीचा दांडा खालच्या दोन-तीन कळ्या उमलल्या की काढा, वाट बघत बसू नका. रोज पाणी बदला आणि खालून बोटभर तिरपं छाटा.

लग्नासाठी आता नवं बी पेरून उपयोग नाही, झिनियाला फूल यायला दोनेक महिने जातात. आहे तीच झाडं पानांच्या खालच्या दोन जोड्या ठेवून छाटा. निम्मी आज, निम्मी आठवड्याने. बगलेतून फुटवे येतील. गॅलार्डिया उन्हाला दाद देत नाही, त्याची वाळलेली फुलं मात्र रोज खुडत राहा.

काळी_माती:
रोज दोनदा थोडं थोडं पाणी देताय, त्यानेच खार वर येतेय. वरचा थर ओला होतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. चार-पाच दिवसांआड पण खोलवर द्या, पानांवर अजिबात शिंपडू नका. ओळींमध्ये उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, तुमच्याकडे त्याला तोटा नाही. आवर्तन आलं की एकदा भरपूर पाणी सोडा म्हणजे खार खाली धुऊन जाईल. निचरा आहे ना, तेवढं बघून घ्या. कंदांची काळजी करू नका. गुलछडीचा खरा बहर पावसाळ्यातच येतो. मांडवासाठी दहा-वीस दांडे मिळाले तर आनंद माना, बाकीचे बाजारातून आणायची तयारी ठेवा.

वाफेवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज तेरावा दिवस. कागदावर पहिल्या दिवशी एका कळीतून अकरा किडे पडले होते, काल तीन. ॲस्टर जाळली, हात धजत नव्हता, पण जाळली. पाचट पसरलंय. त्याखाली बोट खुपसलं तर दुपारी दोन वाजताही माती गार लागते. छाटलेल्या झिनियाला बगलेत हिरवे ठिपके फुटलेत. भाचीला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मामी, तुझे जेवढे होतील तेवढे बोहल्यापाशी लावू, बाकी मांडवाला झेंडू आहेच."

आज पहाटे एक दांडा सरळ निघाला. खालच्या दोनच कळ्या उमलल्या होत्या, सातवीणताईंनी सांगितलं तसा काढला आणि तांब्यात ठेवला. आईंनी हात लांब करून कळ्या चाचपल्या. अजून बोलल्या काही नाहीत, संध्याकाळ व्हायचीय.

पाटकरी सांगून गेलाय की परवा आवर्तन सुटतंय. आमची पाळी रात्री दोनची आहे, दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यात वळवायला, मीच जाणार. निचऱ्यासाठी वाफ्याच्या उताराकडून वीतभर चर पुरेल का, तेवढं काळी_माती यांनी सांगावं.