मदत हवी आहे : झड लागली की जुन्या गाडीचा सेल्फ नुसता ‘टक्’ करतो, बॅटरी बदलली तरी दोष परत येतो

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला राहतो. वडिलांनी घेतलेली २००२ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर, इंजेक्शनवाली. इंजिन अजून ठणठणीत. आईला तपासणीसाठी बेळगावला न्यावं लागतं आणि पावसाळ्यात आम्हाला हीच गाडी आधार आहे. म्हणून ‘विकून टाका’ सोडून काहीही सांगा.

दोष असा. कोरड्या दिवसात गाडी पहिल्या चावीला उठते. पण दोन दिवस झड लागली, किंवा इंजिन चांगलं तापल्यावर गाडी बंद केली, की चावी फिरवल्यावर फक्त ‘टक्’. सेल्फ फिरत नाही. हेडलाइट मात्र लख्ख, त्या ‘टक्’च्या वेळीही मंद होत नाही. धक्का दिला की लगेच सुरू होते. नाहीतर थोडा वेळ थांबलं की आपोआप ठीक. गॅरेजात पोचेपर्यंत सगळं व्यवस्थित झालेलं असतं, त्यामुळे दोष चालू असताना एकाही मिस्त्रीला तो बघायला मिळालेला नाही.

आजवर बॅटरी नवी झाली, डायनामोचे कार्बन आणि रेग्युलेटर बदलले, सेल्फचं सोलेनॉइडही (चावी फिरवली की सेल्फला करंट जोडणारा स्विच) बदललं. दर वेळी काही आठवडे बरं वाटतं आणि पुढच्या झडीत परत तेच.

आणखी एक गोष्ट आहे, संबंध आहे की नाही कळत नाही. रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावले की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. बंद केले की लगेच खाली. पाणी भरलेलं आहे, फॅन वेळेवर लागतो. इंजिन काय क्षणात तापून क्षणात गार होणार नाही.

मल्टीमीटरनं घेतलेले आकडे: गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट. इंजिन चालू, लोड नाही, तेव्हा १४.१. हेडलाइट-ब्लोअर लावल्यावर बॅटरीवर १३.२, पण त्याच वेळी डायनामोच्या मोठ्या वायरीपासून डायनामोच्या बॉडीपर्यंत मोजलं तर १४. सगळं बंद असताना गळती ३० मिलिअँपिअर. नुसतं ‘टक्’ होतं तेव्हा बॅटरीवर १२.१ च्या खाली जात नाही. वायरमननं मीटरचा बीप लावून (जोड अखंड असला की तो वाजतो) सगळी अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायची वाट, तपासली, सगळीकडे बीप आला.

आता आधी काय बघू? पार्ट आणायचा म्हणजे आमचा एक दिवस जातो, म्हणून अंदाजानं आणखी काही बदलायचं नाही.

प्रतिसाद (निपाणीहून)

दादा, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. उत्तर त्यातच आहे. बॅटरी खरंच कमजोर असती तर सेल्फ मारताना दहाच्या खाली आली असती. ती १२.१ वर राहते, म्हणजे सेल्फला लागतो तेवढा करंट वाहतच नाही. वाटेत कुठंतरी अडतोय. काटा वर जातो तो इंजिन तापल्यामुळं नाही. टेंपरेचरच्या सेन्सरची अर्थ इंजिनमधून जाते. लाइटचा करंट बॉडीतून डायनामोकडं परत जाताना इंजिन आणि बॉडीच्या मधल्या जोडावर व्होल्टेज पडतं, आणि काटा ते व्होल्टेज दाखवतो. बॅटरीवर १३.२ आणि डायनामोवर १४, हा फरकही तिथंच पडत असणार.

बीपवर विसंबू नका. सेल्फ १०० अँपिअर तरी घेतो. जोडावर ओहमचा फक्त शंभरावा भाग रोध असला तरी १ व्होल्ट गेला. एवढा रोध बीपला कळत नाही, तारेचा एक धागा शिल्लक असला तरी बीप येतोच.

असं करा. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन उठणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या लोखंडावर, काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच, क्लँपवर नको. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ च्या आत आलं तर माझं म्हणणं सोडून द्या. जास्त आलं तर काळी प्रोब बॉडीच्या उघड्या पत्र्यावर लावून परत मोजा. आकडा तेवढाच राहिला तर इंजिनपासून बॉडीला जाणारी विणलेली पट्टी गेली. कमी झाला तर बॅटरी ते बॉडीची केबल बघा. झड असतानाच करा, कोरड्या दिवशी काही सापडायचं नाही. आणि ‘टक्’ करताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते का तेही बघा. पट्टी तुटली की करंट तिच्यातून वाट काढतो. तसं असेल तर सारखा सेल्फ मारू नका, केबल जळते.

प्रतिसाद (चंदगडहून)

निपाणीकर म्हणतात ते बरोबर. फक्त भाताच्या दिवसात उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा सोलेनॉइडला येणारी बारीक वायरही एकदा डोळ्यांनी बघून घ्या. आमच्या जीपला तेच झालं होतं.

मूळ लेखक

मंडळी, मनापासून आभार. काल दिवसभर पाऊस होता, संध्याकाळी दोष आला आणि लगेच मोजलं. बॅटरीच्या खांबापासून इंजिनपर्यंत ४.६ व्होल्ट! बॉडीपासून इंजिनपर्यंत ४.४. ॲक्सिलरेटरची केबल कोमट लागली. जंप केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनच्या ब्रॅकेटला लावली आणि गाडी पहिल्या चावीला उठली. बारीक वायर बघितली, उंदरानं शिवलेली नाही.

पट्टी गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला आहे, चिखल उडतो तिथंच. बोल्टखाली हिरवी पूड आहे आणि विणीचे बरेच धागे तुटलेत. आता एवढंच सांगा: बेळगावात तशी तयार पट्टी नाही मिळाली तर २५ चौरस मिलिमीटरची बॅटरी केबल थिंबल (बोल्टमध्ये बसणारी टोकाची कडी) मारून लावली तर चालेल का? इंजिन हलतं म्हणून ती किती सैल ठेवू? आणि बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढल्यावर ग्रीस आधी लावायचं की बोल्ट आवळल्यावर वरून?