इंट्युइटिव्ह पेंटिंग: शेवटी कागदावर चिखलच काहून होतो?

नवा_कुंचला
न ठरवता, हात जाईल तसं रंगवायचं, इथवर समजलं. पण अर्ध्या तासात सगळं तपकिरी होतं. सामान म्हणजे पोस्टर कलरच्या बारा बाटल्या आणि साधा ड्रॉइंग पेपर. त्यात नागपूरचा मे. कूलर बंद केला तर बसवत नाही, सुरू ठेवला तर रंग प्लेटमध्येच वाळतो. डोकंही सारखं विचारतं, "हे काय दिसून राहिलं?" चूक सामानाची का पद्धतीची?

बर्डीकर
भाऊ, आधी सामान. पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा सुटतो. वर ब्रश फिरवला की खालचा थर उठून त्यात मिसळतो. इथे तर थरावर थर चढवायचे असतात, म्हणून अ‍ॅक्रिलिक घ्या. ते एकदा वाळलं की पाण्याने हलत नाही.

दुसरा घोळ बारा रंगांचा. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या जोड्या ओल्या असताना भिडल्या की तपकिरी-करडंच होणार, त्यात तुमच्या मनाचा दोष नाही. एका बैठकीला तीन रंग आणि पांढरा, बस. निळा आणि किरमिजी आधी, पिवळा ते वाळल्यावर. पिवळा झाकत नाही, त्यात थोडा पांढरा घाला.

कागद जाड, 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन), 15 बाय 22 इंच, चारही बाजूंनी बोर्डाला मास्किंग टेपने चिकटवलेला. पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. एक इंची चपटा ब्रश आणि 12 नंबरचा गोल पुरे. बारीक ब्रश लपवून ठेवा. तो हाती आला की माणूस डोळे-नाक काढायला लागतो!

कूलरचा झोत कागदावर नको. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर वाटाण्याएवढा रंग. डबा बंद ठेवला तर दुसऱ्या दिवशीही चालतो. ब्रश मात्र लगेच धुवा, मुळाशी वाळलेलं अ‍ॅक्रिलिक निघत नाही.

कोरा_कागद
सामानाचं पटलं. पद्धतीत पहिली पाच मिनिटं रंगच नको: कोरडा ब्रश कागदावर फिरवा, श्वास सोडताना एक फटकारा. मग दहा मिनिटं डोळे मिटून, सवयीच्या नसलेल्या हाताने, पातळ रंगाच्या रेषा. या रेषांना ऑइल पेस्टल वापरू नका, त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्रे निघतात. पुढे पंचवीस-तीस मिनिटं मोकळं रंगवायचं.

"काय दिसतंय" हा प्रश्न दाबायला गेलात तर जोर धरतो. तो आला की लक्ष अंगाकडे न्या: जबडा आवळलाय का, खांदा वर चढलाय का, ब्रश किती घट्ट धरलाय. मग लहान प्रश्न विचारा, आता कुठला रंग हवासा वाटतो? दर सहा-सात मिनिटांनी बोर्ड पाव फेरी फिरवा, म्हणजे तयार होत आलेलं "चित्र" मोडतं. कागद फाडावासा वाटला तर मोठा ब्रश घेऊन अजून दहा मिनिटं; बहुतेक लोक नेमके तिथेच सोडतात.

मागे तारीख आणि तीन ओळी: हात कुठे अडला, कुठला रंग टाळला. छान-वाईट लिहायचं नाही. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख असा कोश मानू नका. आणि रंगवताना फार गलबलून येत असेल तर थांबा. त्यासाठी प्रशिक्षित आर्ट थेरपिस्ट किंवा समुपदेशक हवा, हा सराव त्याची जागा घेत नाही.

उन्हातली_रेघ
थोडं विषयांतर. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले, झेन या बौद्ध ध्यानपरंपरेकडे ओढा, म्हणून कोणी त्यांना या पद्धतीत ओढेल. पण ते अतिशय संथ, वर्षाकाठी मोजकी चित्रं करणारे. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) वापरून थर चढवत. हातासरशी रंगवणं ते नव्हे. इथे रवींद्रनाथ जवळचे. हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांचे आकार झाले, आणि 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शन. तोच सराव करा: लिहिलेल्या जुन्या पानावर ओळी खोडा, खोडलेले भाग एकमेकांना जोडा. कोऱ्या कागदाची भीती तिथेच जाते.

नवा_कुंचला
आभारी आहे जी. टेप काढताना कागद सोलून निघतो, त्याचं काय?

बर्डीकर
टेप दोन-चार दिवस तशीच राहत असेल. उन्हाळ्यात गोंद कागदात मुरतो. रंग वाळला की त्याच दिवशी काढा, बाहेरच्या बाजूला, हळू, तिरपी ओढून. तरी धरून बसली तर हेअर ड्रायरने थोडी गरम करा.