नळी अडकते ती भोकामुळे नाही
लाकडी पेन बनवताना ठोकळ्याला भोक पाडून त्यात पितळी नळी गोंदाने चिकटवतात. ती नळी अर्ध्यात अडकते म्हणून ७ ऐवजी ७.५ मिमीचं भोक पाडा, असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो पटला नाही. सैल भोकात नळी एका बाजूला टेकते, गोंदाचा थर कुठे जाड कुठे पातळ होतो आणि पुढे लेथवर (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) लाकूड तिथेच फुटतं. खरं कारण बहुतेकदा उष्णता असते. सागवान किंवा शिसमात ड्रिल सलग दाबत नेलं की भोक आतून चांगलंच तापतं, आणि गरम भोकात इपॉक्सी (दोन भाग कालवून वापरायचा गोंद) भराभर घट्ट होतो. नागपूरच्या मे महिन्यात तर पाच मिनिटांचा इपॉक्सी वाटीतच आटपतो. म्हणून दर १० मिमीला ड्रिल बाहेर काढून भुसा झटका, आणि ठोकळा पूर्ण गार झाल्यावरच चिकटवा. एका वेळी एकाच नळीपुरता गोंद कालवा. पावसाळ्यात उलट सुपरग्लू दगा देतो, कारण तो ओलाव्यानेच घट्ट होतो.

पितळी नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी घासा, तोंड मेणाने बंद करा, गोंद भोकातही लावा आणि नळी फिरवत आत सरकवा. शिसम तेलकट असतं, भोक आधी ॲसिटोनने पुसलेलं बरं.